काटा पडतो आणि क्रूझ लागत नाही: मीटर बदलण्याआधी गिअरबॉक्सखाली जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ सालचा बीएस-४ दहाचाकी ट्रक, चाकण ते हुबळी लाइनवर. गेल्या पावसाळ्यापासून चालत्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर येतो आणि दोन-चार किलोमीटरनंतर आपोआप उठतो. काटा पडला की क्रूझ (पेडलवर पाय न ठेवता वेग धरून ठेवणारी सोय) सुटतो, आणि गेला महिनाभर तर क्रूझ लागतच नाही. गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर एकदा बदलून झालाय. आता एका वर्कशॉपने मीटरच बदला म्हणून सांगितलंय. बदलायचा का? शिवाय घरच्या दुसऱ्या, केबलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकचा काटा थरथरतो, त्याचं काय करायचं?

मीटर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकच्या वायरिंगचं काम करताना मला २२ वर्षं झाली, आणि काटा व क्रूझ दोन्ही एकाच वेळी गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांत दोष मीटरच्या बाहेरच सापडला आहे. कारण साधं आहे. मीटरचा काटा आणि क्रूझ दोघंही एकाच बातमीवर जगतात: गाडी किती वेगात आहे. ही बातमी गिअरबॉक्सच्या शेपटीवरचा सेन्सर पाठवतो. आउटपुट शाफ्ट फिरतो, सेन्सर त्याचे दात मोजतो आणि प्रत्येक दाताला एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, देतो. ती पल्स कुठे आधी मीटरमध्ये जाते, कुठे आधी ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तिथून दुसऱ्याला कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींवरून कळवली जाते. बातमी तुटली की काटा पडतो. ईसीएमला वेग कळेनासा झाला की तो क्रूझ सोडतो, आणि त्याने तो सोडलाच पाहिजे.

तेव्हा पहिली तपासणी पाना हातात न घेता करायची. काटा पडलेला असताना किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात का, हे ड्रायव्हरला बघायला सांगा. आकडे सरकत असतील आणि फक्त काटा मेला असेल, तर पल्स मीटरपर्यंत पोहोचते आहे. मीटरमधली काटा फिरवणारी छोटी स्टेपर मोटर अडकतेय. मग मीटरवाल्याचं म्हणणं खरं, पण तेव्हाही मोटर दुरुस्त होते, पूर्ण मीटर लागत नाही. काटा आणि आकडे दोन्ही थांबत असतील, तर पल्सच येत नाही. तुमच्या गाडीत क्रूझही सुटतोय, म्हणून माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे.

दुसरी गोष्ट विचारून घ्यायची, ती म्हणजे हे सुरू होण्याच्या आधी गाडीत काय काम झालं. क्लच प्लेट टाकली होती का? गिअरबॉक्स उतरवताना सेन्सरची वायर ओढली जाते, तिचा क्लॅम्प परत बसवायचा राहतो, आणि मग ती वायर कुठेतरी घासत राहते. गिअरबॉक्स आणि चासीमधली अर्थची (बॅटरीच्या मायनसशी जोडणारी) पट्टी काढली आणि परत लावलीच नाही, असंही मी अनेकदा पाहिलंय. हौद्याचं वेल्डिंग झालं होतं का? बॅटरीच्या वायरी आणि ईसीएमचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) न काढता चासीवर वेल्डिंग केलं तर सेन्सरपासून ईसीएमपर्यंत काहीही दुखावू शकतं. जीपीएस ट्रॅकर नवा बसवला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पीड गव्हर्नर कुठे आणि कसा बसवलाय?

या गव्हर्नरवर थोडं थांबतो, कारण पुण्याच्या आसपासच्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांना वेगमर्यादा घालणारं उपकरण सक्तीचं झालं. साधारण ट्रकला ८० किलोमीटर, डंपर आणि टँकरला ६०. काही गाड्यांत ही मर्यादा कंपनीने ईसीएममध्येच बसवलेली असते, काहींत डॅशबोर्डखाली वेगळा डबा असतो. त्या डब्यालाही वेग कळावा लागतो, म्हणून फिटर सेन्सरच्या सिग्नल वायरला मधेच जोड देतो. पासिंगच्या घाईत हा जोड कसा दिला जातो ते मी रोज बघतो. वायरचं इन्सुलेशन ब्लेडने सोलायचं, दुसरी वायर तिच्याभोवती पिळायची, वरून काळी टेप. उन्हाळ्यात चालतं. पावसात टेपखाली ओल शिरते, तांब्याला हिरवा कळंक चढतो, आणि हा कळंक वायरीच्या तारांमधून इन्सुलेशनच्या आतूनही पुढे सरकत जातो. वरून वायर ठीक दिसते, आत जोड अर्धा मेलेला असतो. ओल असेपर्यंत पल्स गळते, इंजिनच्या गरमीने ओल सुकली की काटा परत उठतो. तुमची तक्रार पावसाळ्यात सुरू झाली आणि काटा आपोआप उठतो, हे वाचल्यावर मला आधी हाच जोड आठवला.

माझ्याकडे एक ट्रक आला होता. त्याचे दोन सेन्सर आणि एक मीटर आधीच बदलून झाले होते. मालकाने कर्ज काढून गाडी घेतलेली आणि हा सगळा खर्च त्याच्या हप्त्यातून गेलेला. डॅशखालचा गव्हर्नरचा जोड उघडला तर आतली तार बोटाने दाबली तरी पूड होत होती. चार इंच वायर कापली, नवी वायर डाख लावून जोडली, गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. काम तासाभराचं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीचा सेन्सर काढण्याआधी हा जोड शोधतो. आणि एक विनंती: गव्हर्नर काढून फेकू नका. जोड नीट करून तो चालू ठेवा. तो नियमासाठी आहेच, पण त्याआधी तुमच्या ड्रायव्हरसाठी आहे.

जोड नीट निघाला तर गाडीखाली जायचं. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा. मागची एक बाजू जॅकवर घ्या आणि ॲक्सलखाली पक्का स्टँड द्या, फक्त जॅकच्या भरवशावर खाली कधीच जाऊ नका. हँडब्रेक सोडला आणि गाडी न्यूट्रलला ठेवली की उचललेलं चाक हाताने फिरवता येतं आणि त्याबरोबर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) फिरतो. इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवायचं नाही. दुसरं चाक जमिनीवर असताना गाडी ओट ओलांडून पुढे जाऊ शकते.

आता सेन्सरचा कपलर बघा. तीन पिनांचा असेल तर तो हॉल सेन्सर: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. चावी चालू करून कपलर काढून सप्लाय मोजा. गाडी २४ व्होल्टची असली तरी सेन्सरला २४ येईलच असं नाही. काही गाड्यांत मीटर किंवा ईसीएम ८ किंवा १२ व्होल्ट करून देतो, म्हणून आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम आधी बघून घ्या. इथे बल्बचा टेस्टर लावायचा नाही. त्या बल्बला लागणारा करंट ही बारीक लाइन देऊ शकत नाही, आणि ईसीएमच्या आतला सप्लाय जाऊ शकतो. मल्टिमीटरच वापरा. मग कपलर लावून मागच्या बाजूने बारीक पिन घालून सिग्नल बघा आणि चाक सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून वर आणि परत खाली असा उड्या मारला पाहिजे. वरच अडकून राहिला किंवा खालीच राहिला तर सेन्सर, त्याचा सप्लाय किंवा अर्थ, यांतलं काहीतरी गेलंय. अर्थ तपासताना ओहम मोजण्यापेक्षा चालू सर्किटमध्ये सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचं मायनस यांतला व्होल्टेज बघा. ०.१ व्होल्टच्या आत असावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थमध्येच आजार आहे, आणि तो बरेचदा गिअरबॉक्स-चासी पट्टीचा किंवा केबिनच्या अर्थचा असतो.

कपलर दोन पिनांचा असेल तर तो कॉइलचा, चुंबकवाला सेन्सर. त्याला सप्लाय नसतो, तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. दात आणि टोक यातलं अंतर वाढलं, किंवा गिअर ऑइलमधला लोखंडी कीस त्याच्या टोकाला चिकटला, की सावकाश गाडीत सिग्नल मिळत नाही आणि वेग घेतल्यावर मिळतो. काटा फक्त कमी वेगात पडत असेल तर टोक आधी पुसून बघा. कीस सारखा सारखा जमत असेल तर मात्र गिअरबॉक्सकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे.

तुमचा सेन्सर एकदा बदललाय म्हणता, म्हणून एक खास गोष्ट सांगतो. या सेन्सरांची चूडी (आटे) सारखी असते, पण टोकाची लांबी वेगवेगळी असते. दुकानात जुना सेन्सर समोर ठेवून लांबी जुळवली नाही, तर आखूड सेन्सर दातापासून लांब राहतो आणि पल्स कधी येते कधी नाही. लांब असला तर दाताला घासून तुटतो. नवा टाकल्यावर तक्रार तशीच राहिली तर आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून स्केलने मोजा. जुना फेकला असेल तर गाडीच्या पार्ट नंबरवरून खात्री करा.

गरम झाल्यावरच काटा पडतो का, हेही बघायला हवं. चाकणहून निघाल्यावर पहिला तासभर ठीक, खंबाटकी चढताना काटा पडतो आणि ढाब्यावर अर्धा तास थांबल्यावर परत चालतो, असं असेल तर सेन्सरच्या आत भेग असू शकते; गरमीने ती उघडते. याउलट खड्ड्यात आदळल्यावर पडत असेल तर वायर किंवा कपलर. केबिन उलटताना ज्या ठिकाणी हार्नेस (वायरींचा जुडगा) वाकतो, तिथे हाताने वायर हलवत हलवत मीटरवर दुसऱ्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा. आणि हेडलाइट लावल्यावर काटा थरथरतो असं असेल तर सेन्सर सोडून अल्टरनेटरकडे जा. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर एसी रेंजला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर डायोड गेलाय.

पल्स ठीक आहे आणि तरी मीटर किंवा ईसीएमला वेग कळत नाही, तर कॅन लाइन. बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाची वायर तुटलीय किंवा तिथला रेझिस्टर गेलाय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

काटा स्थिर झाल्यावरच क्रूझकडे वळायचं, उलट क्रमाने गेलात तर दिवस वाया जाईल. क्रूझ लागायला ईसीएमला चार गोष्टी पटाव्या लागतात: वेग पुरेसा आहे, ब्रेक दाबलेला नाही, क्लच दाबलेला नाही, आणि ड्रायव्हरने क्रूझ मागितलाय. स्कॅनर लावणार असाल तर फक्त फॉल्ट कोड वाचून परत येऊ नका, चालू आकडे उघडा. जे १९३९ मध्ये, म्हणजे ट्रकच्या कॅनवरच्या ठरलेल्या भाषेत, प्रत्येक आकड्याला एसपीएन नावाचा क्रमांक असतो; वेगाचा एसपीएन ८४ आहे, ब्रेक स्विचचा ५९७, क्लच स्विचचा ५९८, सेट बटणाचा ५९९. पेडल दाबा, सोडा, बटण दाबा, आणि स्क्रीनवर बदल होतो का ते बघा. ज्याचा बदल होत नाही, त्याच्याकडे जा. यात अंदाज लावायला जागाच उरत नाही.

ब्रेकचा सिग्नल खोटा येणं हे सगळ्यात जास्त सापडतं. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक स्विच हवेच्या दाबावर चालतो. टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही की ते लाइनमध्ये येतं, स्विचच्या आत गंज धरतो आणि संपर्क चिकटून राहतो. एअर ड्रायरचा फिल्टर वेळेवर बदलत नसाल तर हे होणारच. दुसरं कारण बॉडीवाल्याचं. हौदा बांधताना मागे जादा लाल दिवे लावतात आणि टेललाइटची वायर ब्रेकच्या वायरला शिवते. रात्री दिवे लावले की ईसीएमला वाटतं ब्रेक दाबलाय. दिवसा क्रूझ लागतो आणि रात्री लागत नाही असं ड्रायव्हर म्हणाला, तर सरळ मागच्या दिव्यांचा कपलर काढून बघा.

क्लचचं दुखणं वेगळं. ड्रायव्हरला पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय असेल, किंवा पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) नीट नसेल, तर स्विच कायम दबलेला राहतो. प्ले आधी करा, स्विच नंतर बदला.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. क्रूझ लागत नाही म्हणून ब्रेक किंवा क्लचच्या स्विचला वायर मारून तो बायपास करू नका, आणि कुणी करून देत असेल तर गाडी तिथून घेऊन या. क्लच स्विच बायपास केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. क्रूझ चालू असताना ड्रायव्हरने क्लच दाबला आणि लोड सुटताच इंजिन ओरडत वर गेलं. ब्रेक स्विच बायपास केला तर त्याहून वाईट. २५ टन घेऊन गाडी पुढे चाललीय, ड्रायव्हर ब्रेक दाबतोय आणि इंजिन अजून डिझेल देतंय. दोन-तीन हजार वाचवायला हे करू नका.

आता मोजमापाचा मुद्दा. तुम्ही विचारला नाही, पण जुन्या गाडीत तो हमखास निघतो. मागचं हौजिंग (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा डबा) कधी भंगारातून आणून टाकलंय का? समजा त्यातला मूळ मोठा गिअर, क्राउन, ४१ दातांचा आणि त्याला फिरवणारा छोटा, पिनियन, ७ दातांचा होता, आणि आता ४१ आणि ६ चा बसलाय. तेवढ्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट आता जास्त फिरतो आणि सेन्सर जास्त पल्स देतो. गाडी खरी ६० वर असताना मीटर ७० दाखवेल. गव्हर्नर ८० समजून गाडी ६८-६९ वरच धरेल आणि ड्रायव्हर म्हणेल पिकअप गेला. ॲव्हरेज कागदावर चांगलं दिसेल, कारण किलोमीटर खोटे वाढलेत. उलटी अदलाबदल झाली तर धोका मोठा: मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ९३ वर असेल, आणि एक्स्प्रेसवेवरचा कॅमेरा तुमचं मीटर बघत नाही. टायरचंही तसंच. ९.०० च्या जागी १०.०० टाकले तर साधारण तीन टक्क्यांचा फरक पडतो. हे सेन्सर बदलून जात नाही, मीटर किंवा ईसीएममध्ये किलोमीटरमागे किती पल्स हा आकडा नव्याने भरावा लागतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. सपाट रस्त्यावर मीटरचा काटा ६० वर धरा आणि एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतची सेकंदं मोजा. ६० लागली तर मीटर बरोबर. तीन-चार सेकंदं जास्त लागली तरी चिंता नको. मीटर खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असा नियमच आहे. ६० पेक्षा कमी लागली तर मात्र मीटर कमी दाखवतोय, आणि गाडी त्याच दिवशी आणा.

केबलवाल्या जुन्या ट्रकबद्दल थोडक्यात. काटा थरथरतो म्हणजे आतली तार कोरडी पडलीय किंवा केबल कुठेतरी तीव्र वळलीय. केबल मीटरकडून सोडवा, आतली तार बाहेर ओढा, पुसा, पिळा पडला असेल तर बदला. पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवा. ग्रीस वर चढून मीटरच्या चुंबकाच्या वाटीत गेलं की काटा चिकटतो आणि चांगला मीटर बिघडतो. केबल धड असून काटा मेलेला असेल तर गिअरबॉक्समधला प्लॅस्टिकचा छोटा गिअर घासलाय, तो स्वस्त मिळतो.

तोवर हुबळीची फेरी करायची का? करा, पण क्रूझचं बटण बंद ठेवून. काटा पडलेला असताना ड्रायव्हरने मोबाइलवरचा वेग बघावा, फोन डॅशवर पक्का लावून, हातात धरून नाही. वेगाचा सिग्नल गेला की काही ईसीएम इंजिनचे आरपीएम मुद्दाम रोखून धरतात, तेव्हा चढावर गाडी ओढत नसेल तर घाबरून डिझेल पंप उघडायला लावू नका. आणि क्रूझ दुरुस्त झाल्यावरही तो सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यासाठीच. खंबाटकीत, पावसात, किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तो बंदच हवा. त्या उतारावर किती माणसं गेलीत हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथे खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, एवढंच.

सगळं तपासून शेवटी मीटरच गेलेला निघाला, तर नवा बसवताना जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या आणि नव्यात तेवढेच भरून घ्या. मग गाडी विकताना घेणाऱ्याला खरा आकडा दाखवता येतो.

या फेरीत ड्रायव्हरकडून दोन गोष्टी लिहून आणा: काटा पडला तेव्हा किलोमीटरचे आकडे सरकत होते का, आणि निघाल्यापासून किती वेळाने, कुठल्या रस्त्यावर, पावसात की कोरड्यात तो पडला. त्या दोन ओळी हातात असतील तर डॅशखालचा जोड आणि गिअरबॉक्सवरचा सेन्सर, यांत कुठे हात घालायचा ते गाडी उभी करण्याआधीच ठरवता येईल.